काळजी, संप्रेरके आणि मनाचे आजार

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला (मानसशास्त्र)

मनाविषयी बोलताना आपली मराठी भाषा नेहमी शरीराचा आधार घेते. अचानक वाईट बातमी आली की ‘काळजात धस्स होते’. परीक्षेच्या दारात ‘तोंडाला कोरड पडते’, ‘पोटात गोळा येतो’. आणि दुःख घरात मुक्कामालाच राहिले की माणूस ‘झुरतो’, ‘खंगतो’, काळजी त्याला ‘आतून पोखरते’. हे केवळ भाषेचे अलंकार आहेत असे आपल्याला वाटते. परंतु मानसशास्त्राच्या तासाला अंतःस्रावी ग्रंथींचे प्रकरण शिकताना माझ्या लक्षात आले की, हे शब्दप्रयोग शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही बरेचसे खरे आहेत. धस्स होणे वेगळे आणि झुरणे वेगळे. दोन्हींच्या मागे असलेली रसायनेही निरनिराळी आहेत. या रसायनांना आपण ताणाची संप्रेरके म्हणतो. त्यांचा मनाच्या आजारांशी काय संबंध आहे, हे प्रस्तुत लेखात समजावून घ्यावयाचे आहे.

प्रथम ‘भावविकार’ म्हणजे काय ते पाहू. सुखदुःखाचे चढउतार सर्वांनाच असतात. त्यांना आजार म्हणत नाहीत. परंतु उदासपणा किंवा कशातच रस न वाटणे हे दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ जवळजवळ दिवसभर टिकले, त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, एकाग्रता ढासळली, स्वतःविषयी अपराधी भावना किंवा मरणाचे विचार येऊ लागले आणि रोजचे व्यवहार अडू लागले, तर त्यास नैराश्याचा विकार म्हणतात. काही रुग्णांत याच्या उलट अवस्थाही येते. झोप नको वाटते, बोलणे थांबत नाही, पैसा पाण्यासारखा खर्च होतो. असे दोन टोकांमध्ये हेलकावणे हा द्विध्रुवीय विकार होय.

धस्स होणे

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी बसलेली असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. तिचा गाभा ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक स्रवतो. शेतात पायाखाली साप दिसला तर काही क्षणांतच ते रक्तात उतरते. छाती धडधडते, श्वास वाढतो, तोंड कोरडे पडते, आतड्यांचे काम मंदावते आणि रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या तयारीला ‘लढा किंवा पळा’ असे समर्पक नाव दिले. साप निघून गेला की ही लाट ओसरते.

झुरणे

पण जो साप निघून जातच नाही, त्याचे काय? सावकाराचे कर्ज, घरातले रोजचे भांडण, पाऊस न पडलेले दुसरे वर्ष, लग्न ठरत नसलेली मुलगी हे सर्व न जाणारे साप आहेत. येथे दुसरे संप्रेरक कामाला लागते. ते अधिवृक्क ग्रंथीच्या सालीतून, म्हणजे बाहेरच्या थरातून स्रवते आणि त्याचे नाव कॉर्टिसोल.

कॉर्टिसोलची व्यवस्था एखाद्या कारखान्यासारखी आहे. मी नागापूरची असल्याने हीच उपमा मला जवळची वाटते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा मोठा साहेब. तो एक रासायनिक हुकूम खाली पाठवतो. पियुषिका ग्रंथी हा सुपरवायझर. ती दुसरा हुकूम रक्तामार्फत अधिवृक्क ग्रंथीकडे पाठवते, आणि यंत्र सुरू होऊन कॉर्टिसोल बाहेर पडते. या व्यवस्थेची खरी खुबी पुढेच आहे. तयार झालेले कॉर्टिसोल स्वतःच मेंदूकडे परत जाऊन ‘माल पुरेसा झाला, आता थांबा’ असा निरोप देते. मेंदूत हा निरोप घेणारी केंद्रे असतात. त्यांपैकी स्मरणाशी संबंधित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. निरोप पोहोचला की उत्पादन थांबते. हाच या यंत्राचा ब्रेक.

ताणाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया कॅनडातील माँट्रियल येथे हान्स सेली याने घातला. त्याने १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्ये अशा अगदी निरनिराळ्या त्रासांना उंदरांची शरीरे सारखाच प्रतिसाद देतात, अधिवृक्क ग्रंथी फुगतात आणि जठरात व्रण पडतात, असे त्याला आढळले होते. साहेबाचा तो पहिला हुकूम, म्हणजे हायपोथॅलॅमसचे संप्रेरक, प्रत्यक्ष ओळखण्यास मात्र १९८१ साल उजाडले. ते काम अमेरिकेत वायली व्हेल याच्या प्रयोगशाळेत झाले.

कॉर्टिसोल हा आपला शत्रू आहे असे मात्र समजू नये. ते रक्तातील साखर वाढवून शक्ती पुरवते, सूज आटोक्यात ठेवते आणि संकटाची आठवण पक्की करते. त्याच्यावाचून माणूस जगू शकत नाही. त्याला दिवसाची एक लयही असते. पहाटेपासून ते वाढते, जागे झाल्यावर अर्ध्यापाऊण तासात सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी होते. कोंबडा आरवण्याच्या वेळी आपल्याला उठवणाऱ्या कारणांत त्याचाही वाटा आहे.

ब्रेक सैल होतो तेव्हा

या संप्रेरकाचा मनाशी संबंध असावा असा संशय डॉक्टरांना प्रथम दुसऱ्याच एका आजारामुळे आला. हार्वे कुशिंग या शल्यचिकित्सकाने १९३२ साली पियुषिका ग्रंथीतील लहान गाठींमुळे होणाऱ्या एका व्याधीचे सविस्तर वर्णन केले. या व्याधीत शरीरात कॉर्टिसोलचा पूर येतो. चेहरा गोल होतो, पोट सुटते, हातपाय बारीक होतात. अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना नैराश्यही येते. गाठ काढून कॉर्टिसोल खाली आणले की पुष्कळांचे मनही सावरते.

दुसरा पुरावा औषधांनी दिला. कॉर्टिसोलचे भावंड असलेले कॉर्टिसोन हे द्रव्य १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच याने सांधेवाताच्या रुग्णाला दिले आणि अंथरुणाला खिळलेले माणूस चालू लागले. या शोधाबद्दल हेंचसह तिघांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु लवकरच दिसून आले की या औषधाने काही रुग्ण अकारण आनंदाने बेभान होतात, काही उदास होतात, तर काहींना भ्रम होतात.

ही गोष्ट केवळ परदेशातली नाही. याच वर्गातील औषधांना आपण ‘स्टेरॉइड’ म्हणतो. दमा, सांधेदुखी, त्वचारोग अशा अनेक आजारांत ती जीवरक्षक ठरतात, आणि करोनाच्या साथीत गंभीर रुग्णांना त्यांचा उपयोग झाला. परंतु गुडघेदुखीवर कागदात बांधून, नाव न सांगता दिलेल्या गोळ्यांत ती असली, तर खाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आमच्या गल्लीतील एक आजोबा अशा गोळ्यांनी महिनाभर रात्र रात्र जागे राहून घरच्यांशी भांडत होते. गोळ्या संपल्या तेव्हा ते अंथरुणातून उठेनात. घरचे म्हणाले, म्हातारपणी स्वभाव बदलला. पुढे नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. असे औषध नाव माहीत असल्याशिवाय घेऊ नये, आणि दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नये. बाहेरून औषध मिळत असल्यामुळे शरीराने आपले उत्पादन थांबवलेले असते.

आता मुख्य प्रश्न असा की, ज्यांना गाठही नाही आणि गोळ्याही नाहीत अशा नैराश्याच्या रुग्णांत काय घडते? तीव्र नैराश्याच्या पुष्कळ रुग्णांत कॉर्टिसोल वाढलेले आढळते. संध्याकाळी ते जितके उतरायला हवे तितके उतरत नाही. बर्नार्ड कॅरोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर आधारलेली एक चाचणी १९८१ साली मांडली. रात्री डेक्सामेथासोन या कृत्रिम स्टेरॉइडची लहान मात्रा द्यायची आणि दुसऱ्या दिवशी रक्तातील कॉर्टिसोल मोजायचे. निरोगी माणसाचा मेंदू ‘माल पुरेसा झाला’ असे समजून उत्पादन थांबवतो. तीव्र नैराश्याच्या सुमारे निम्म्या रुग्णांत मात्र ते थांबत नाही. म्हणजे निरोप पोहोचतो, पण ऐकला जात नाही. ब्रेक सैल झालेला असतो.

तो का सैल व्हावा? प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की, दीर्घकाळ वाढलेल्या कॉर्टिसोलमुळे हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या फांद्या आखडतात. जो भाग ब्रेक लावतो, त्यालाच झीज लागते, आणि मग कॉर्टिसोल अधिकच मोकाट सुटते. वारंवार नैराश्य आलेल्या अनेक माणसांत हा भाग किंचित लहान असल्याचेही मेंदूच्या चित्रांत आढळले आहे. काळजी आतून पोखरते असे आपण म्हणतो ते उगीच नव्हे.

लहानपणाचे ऋण

एकाच गावात, एकाच दुष्काळात एकाला नैराश्य येते आणि शेजाऱ्याला येत नाही. असे का? यात आनुवंशिकतेचा वाटा आहेच. परंतु माँट्रियललाच मायकेल मीनी व सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांनी आणखी एक उत्तर दिले. १९९७ व २००४ साली त्यांनी दाखवले की, ज्या पिलांना आई पहिल्या आठवड्यात भरपूर चाटते, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये कॉर्टिसोलचा निरोप घेणारी केंद्रे अधिक तयार होतात आणि मोठेपणी ती पिले ताणातून लवकर सावरतात. कमी चाटणाऱ्या आईची पिले प्रेमळ आईकडे सोपवली तर तीही तशीच सावरतात. माणूस म्हणजे उंदीर नव्हे हे खरे, पण मायेचा हात शरीरात खोलवर कोठे पोहोचतो याची कल्पना यावरून येते.

पाळीचे घड्याळ

आमच्या नागापूरला औद्योगिक वसाहत असल्याने घरोघरी पाळ्यांचे वेळापत्रक चालते. माझे वडीलही एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतात. पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळीच्या आठवड्यात आण्णांचे जेवण कमी होते, बारीकसारीक गोष्टींवरून ते चिडतात, आणि आई आम्हाला दबक्या आवाजात बोलायला लावते. शरीराचे घड्याळ प्रकाशावर चालते. पाळीच्या तक्त्यावर ते चालत नाही. माणूस रात्री यंत्रापुढे उभा असतो तेव्हा कॉर्टिसोल तळाला असते, आणि सकाळी तो घरी येऊन झोपू पाहतो तेव्हा ते शिखरावर असते. लय नव्या वेळेशी जुळू लागते न लागते तोच पाळी बदलते. पाळीत काम करणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे इतरांहून अधिक आढळतात, असे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसले आहे. अपुरी झोप, कुटुंबाशी चुकामूक हीही त्याची कारणे आहेत. रात्रपाळी बंद करणे आपल्या हाती नाही. परंतु दिवसा काळोख्या खोलीत सलग झोप मिळवून देणे ही घरच्यांनी घ्यावयाची साधी काळजी आहे. हे समजल्यापासून आमच्या घरी दुपारी मिक्सर लावत नाहीत आणि दारावरच्या पाहुण्यालाही आई ‘संध्याकाळी या’ म्हणते.

बाळंतिणीचे दुःख

आता थोडे खाजगी लिहिते. माझ्या थोरल्या बहिणीने ‘कुणाच्या तरी उपयोगी पडेल, लिही’ असे म्हटल्यामुळे लिहिते आहे. दुसरी मुलगी झाल्यावर ताई माहेरी आली. महिनाभरात तिचे जेवण सुटले. बाळ रडत असले तरी ती आढ्याकडे बघत पडून राही. पहाटे तीनला जागी होई. एकदा मला म्हणाली, “मी नसले तरी पोरींचं काही अडणार नाही.” आजी म्हणाली, हिला बाहेरचे झाले आहे. आत्या म्हणाली, दोन वेळचे आयते मिळते म्हणून नाटके सुचतात. अंगारे झाले, लिंबू झाले. शेवटी आमच्या भागातील आशाताईंनी दाजींना गाठले आणि सरकारी रुग्णालयातील मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेले. औषधे आणि समुपदेशन यांनी दोन-तीन महिन्यांत ताई पूर्ववत झाली.

गरोदरपणाच्या शेवटच्या काळात स्त्रीचे कॉर्टिसोल नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होते, कारण वारही हायपोथॅलॅमससारखाच हुकूम सोडू लागते. वार पडली की तो हुकूम एकाएकी थांबतो. इतर संप्रेरकेही झपाट्याने उतरतात, आणि ही सर्व व्यवस्था पुन्हा ठिकाणावर येण्यास काही आठवडे लागतात. परंतु हे तर प्रत्येकच बाळंतिणीला घडते, मग काहींनाच आजार का होतो? याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातून मिळाले आहे. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी तेथील मातांचा अभ्यास करून २००२ साली तो प्रसिद्ध केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरात सुमारे २३ मातांना नैराश्य होते. गरिबी, नवऱ्याकडून होणारा छळ, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे यांचा त्याच्याशी संबंध आढळला. म्हणजे संप्रेरकांनी जमीन भुसभुशीत केली, पण घाव समाजाने घातला. ताईच्या खोलीत ‘पुन्हा पोरगीच’ हे शब्द किती वेळा उच्चारले गेले ते मी ऐकले आहे.

सर्व खापर संप्रेरकावर फोडू नये

येथवर वाचून कोणास वाटेल की, रक्त तपासावे, कॉर्टिसोल मोजावे आणि ते कमी करणारी गोळी घ्यावी. शास्त्रज्ञांनाही तसे वाटले होते. परंतु कॅरोल यांची चाचणी वजन घटलेल्या, दारू सोडणाऱ्या आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांतही ‘दोष’ दाखवू लागली, तर नैराश्याच्या अनेक रुग्णांत ती निर्दोष आली. म्हणून निदानासाठी ती मागे पडली. ज्यांना भयंकर आघातानंतरचा मानसिक विकार होतो, अशांपैकी काहींत तर कॉर्टिसोल कमीच आढळते. साहेबाचा हुकूम अडवणारी औषधेही नैराश्यावर तपासली गेली, पण त्यांना निर्णायक यश आले नाही. तात्पर्य, कॉर्टिसोल हा या आजाराच्या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा आहे, सबंध साखळी नव्हे.

मग या ज्ञानाचा उपयोग काय? माझ्या मते पहिला उपयोग हा की, ते ‘नाटक’ आणि ‘बाहेरचे’ या दोन्ही शब्दांना उत्तर देते. पहाटे तीनला जाग येणे, अन्न न जाणे, हातपाय न उचलणे हे कोणी सोंग म्हणून करीत नसते. हा देहातही घडणारा आजार आहे. दुसरा उपयोग असा की, कर्ज, मारहाण, हेटाळणी यांना ‘मनावर घेऊ नको’ म्हणून झटकता येत नाही, हे तो दाखवतो. ती मनावर घेतली नाहीत तरी शरीर घेतेच.

उपाय जवळचेच

उपाय आहेत, आणि ते मराठी मुलखातही सिद्ध झाले आहेत. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी बऱ्यापैकी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकी केल्या. सुटलेली कामे आणि भेटीगाठी थोड्याथोड्याने पुन्हा सुरू करणे, हा त्या बैठकींचा गाभा होता. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर अशा शंभरांपैकी ६४ जण आजारातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हेच प्रमाण ३९ होते. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. तेथे नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बोलल्याचा हा परिणाम.

कायद्यानेही एक पाऊल टाकले आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरायचे आहे. तिच्यावर खटला नाही. उलट तिची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. आणि उपचार न मिळाल्यास काय होते हे पाहावयाचे असेल तर फार दूर जावे लागत नाही. नागापूरहून मनमाड रस्त्याने पुढे शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांचे माऊली सेवा प्रतिष्ठान आहे. घरांनी दारे लावून घेतलेल्या, रस्त्यावर आलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना ते आसरा देते. त्या स्त्रियाही कुणाच्या तरी ताई असतील.

आपल्यापैकी बरेच जण घरातले पहिलेच पदवीकडे निघालेले आहेत. घरात औषधाच्या चिठ्ठीवरचे नाव वाचणारे आपणच, फॉर्म भरणारे आपणच. तेव्हा ही माहितीही घरापर्यंत आपणच नेली पाहिजे. कोणी दोन आठवड्यांहून अधिक खंगत असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची वाट दाखवावी. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली आहे. तेथे दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर, परीक्षेच्या वेळापत्रकाच्या शेजारी, कायमचा लावावा अशी मानसशास्त्र विभागातील गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे.